सैल टाके

९ ऑक्टोबर

ही वही दुकानातून आणलेली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'तक्रार' असं छापलेलं आहे आणि खाली रेघा. दुकान बंद होऊन आठ महिने झाले, त्यामुळे तक्रार करायला आता मीच उरले.

बावीस वर्षं मी श्रवणयंत्रं दुरुस्त केली. भिंगाखाली केसाएवढी वायर धरायची, सोल्डरचा थेंब टेकवायचा, श्वास सोडायचा. मालक परदेशी निघून गेले, सुटे भाग येईनासे झाले, शटर पडलं. आता घरात मी आणि बाबा. बाबांना ऐकू येत नाही, आणि जे येतं ते त्यांना ऐकायचं नसतं. मी बोलायला लागले की ते कानातलं मशीन काढून खिशात टाकतात. बॅटरी वाचवतात म्हणे.

आज सकाळी भावोजी आले. ताई पाण्याच्या टँकरच्या रांगेत उभी असताना नदीपलीकडून तोफगोळा आला, त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर भावोजी इथल्या लढणाऱ्या संघटनेत गेले ते तिथलेच झाले. आज दारात उभे राहिले तेव्हा आधी ओळखलंच नाही. दाढी पांढरी झालीय.

"धाकटे, तुझ्या हाताला काम आहे," म्हणाले.

"कसलं?"

"बारीक. तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही असलं."

बाबा ओरडले, "जेवून जा म्हणावं त्याला!" भावोजी जेवले. बटाटे जरा करपलेच होते, पण पानात काही टाकलं नाही. मी हो म्हटलं. नाहीतरी घरात बसून भिंतींशी किती बोलणार?

११ ऑक्टोबर

पहिला दिवस. जागा म्हणजे जुना बर्फाचा कारखाना. जाड भिंती, वर छोट्या खिडक्या, फरशीला अजून ओल. जिथे बर्फाच्या लाद्या लावायचे तिथे आता लांब टेबलं मांडलीत. आम्ही नऊजण. मोबाईल दारात काढून घेतात. नावं सांगायची नाहीत, विचारायची नाहीत. मला सगळे 'कानवाली' म्हणतात. दारावरच्या पहारेकऱ्याला मी मनातल्या मनात 'कुलूप' म्हणते, कारण तो तोंडच उघडत नाही.

काम ड्रोनचं. लहान, चार पंख्यांचे. भावोजींनी सगळ्यांसमोर सांगितलं, हे टेहळणीसाठी आहेत. पलीकडच्या तोफा कुठे हलतात ते आधी कळलं तर रांगेतली माणसं वेळेवर घरात जातील. हे ऐकताना मला ताईच दिसत होती.

माझ्याकडे वायर जोडायचं काम. श्रवणयंत्राच्या मानाने हे म्हणजे दोरखंड बांधल्यासारखं. दुपारपर्यंत मी इतरांच्या दुप्पट केलं.

१९ ऑक्टोबर

शेजारच्या टेबलावर एक मास्तर आहेत. शाळेत विज्ञान शिकवायचे. तयार झालेला प्रत्येक नग तेच तपासतात. कामाशिवाय बोलायला बंदी आहे, म्हणून ते कामाचंच बोलल्यासारखं काहीतरी बोलतात. आज म्हणाले, "कानवाली बाई, या वायरला थोडी सर्दी झालेली दिसते." मला इतकं हसू आलं की पकड हातातून पडली. कुलूपाने नुसतं पाहिलं.

घरी येऊन बाबांना हा विनोद सांगितला. तीनदा सांगितला. शेवटी ते म्हणाले, "मग डॉक्टरला दाखव ना."

२ नोव्हेंबर

भावोजी दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. माझ्या टेबलाशी थांबतात, एखादा टाका नखाने ओढून पाहतात आणि कामाच्या नोंदवहीवर सही करतात. आज म्हणाले, "तुझा टाका सुटत नाही बघ. ताई म्हणायची, धाकटी एकदा धरलं की सोडत नाही." ताईने असं म्हटलेलं मला आठवत नाही. पण म्हटलंही असेल.

आज ताईचा निळा स्वेटर घातला होता. थंडी पडलीय.

५ नोव्हेंबर

शुक्रवार. भावोजी आले नाहीत. काम लवकर संपलं. तरी दिवस उगाच लांब वाटला.

२१ नोव्हेंबर

नवे सांगाडे आलेत. त्यांच्या पोटाखाली एक पाळण्यासारखी जागा आहे आणि ती उघडायला छोटी मोटर. मला तिची वायर जोडायला दिली. मी मास्तरांना विचारलं, "यात कॅमेरा बसणार का?"

"नाही. कॅमेरा वर आहे."

"मग हे कशाला?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "पत्रं टाकायला," म्हणाले, आणि पुढचा नग ओढला.

काय ते कळलं मला. मी काही कुकुलं बाळ नाही. भावोजींना बाहेर आवारात गाठून विचारलं. ते चिडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "फक्त चौक्या आणि तोफा. दुसरं काही नाही. माझा शब्द आहे तुला."

भावोजींचा शब्द आहे. मी आत जाऊन ते काम पुरं केलं. हात थरथरला नाही हेही इथे लिहून ठेवते.

४ डिसेंबर

आज सगळ्यांना एका पडद्यासमोर बसवलं. संघटनेचे प्रमुख आले होते. सगळे त्यांना काका म्हणतात. हसरे आहेत, खांद्यावर शाल, कुणाच्याही काकांसारखे. म्हणाले, "तुम्ही इथे मान मोडून काम करता, त्याचं चीज कसं होतं ते बघा."

ड्रोनच्या कॅमेऱ्याने काढलेलं चित्रण होतं. वरून एक रस्ता. एक दुकान, बाहेर माणसांची रांग. काका म्हणाले, चौकीवरचे शिपाई साध्या कपड्यांत आहेत. रांगेत एका बाईच्या हातात पिशवी होती. मग त्यांना आवाज आला असणार, कारण सगळ्यांनी एकदम वर पाहिलं आणि सगळे पळाले.

एक माणूस पळाला नाही.

तो तिथेच उभा राहिला. आजूबाजूला बघितलं, सगळे कुठे गेले म्हणून. मग त्याने उजवा हात कानामागे नेला आणि बोटाने काहीतरी फिरवलं.

खोलीत हशा झाला. कुणीतरी म्हणालं, "बहाद्दर दिसतोय! घाबरतच नाही!" काकाही हसले. मग पडदा पांढरा झाला आणि टाळ्या वाजल्या.

ती खूण मी बावीस वर्षं रोज पाहिलीय. काउंटरपलीकडे उभा राहणारा प्रत्येकजण असंच करायचा. आवाज वाढवायचं चाक असतं तिथे. त्याने आवाज वाढवला. त्याला ऐकायचं होतं.

त्या खोलीत हे एकट्या मला दिसलं. मी कुणाला सांगणार होते? मीही टाळ्या वाजवल्या. दोनच. पण वाजवल्या.

७ डिसेंबर

तीन दिवस गेले नाही. ताप आहे असं कळवलं. ताप नाही.

संध्याकाळी भावोजी संत्री घेऊन आले. बाबांशी ओरडून ओरडून हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय होतंय?"

मी म्हटलं, "ती रांग होती."

ते संत्रं सोलत राहिले. "मला तसं सांगण्यात आलं नव्हतं," म्हणाले. सगळं संत्रं सोललं, एकेक फोड वेगळी करून बशीत ठेवली आणि बशी माझ्याकडे सरकवली. एकही फोड स्वतः खाल्ली नाही. जाताना दारात थांबले. चपला घालून निघून गेले.

ते गेल्यावर बाबा म्हणाले, "हा माणूस पार वाळला." बाबांना ऐकू येत नाही, दिसतं मात्र सगळं.

१० डिसेंबर

आज कामावर गेले आणि एक टाका सैल ठेवला.

आमच्यात याला ड्राय सोल्डर म्हणतात. वरून पाहिलं तर जोड चकाकतो. टेबलावर तपासलं तर चालतोही. आत मात्र तार आणि धातू एकमेकांना धरून नसतात, नुसते शेजारी बसलेले असतात. हादरे बसले की सुटतात. नवशिक्याच्या हातून चुकून होतं. मुद्दाम करायला मात्र बावीस वर्षांचा हात लागतो.

पाळण्याच्या मोटरची वायर. एवढीच.

मास्तरांनी नग तपासला, पुढे सरकवला. मला घाम फुटला होता. मास्तर म्हणाले, "बाई, ताप उतरला वाटतं." मी हो म्हटलं.

२८ डिसेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिलं तर पुरावा होईल असं वाटायचं, आणि न लिहिलं तर मी हे करतेय हे जगात कुणालाच माहीत नाही, असं वाटायचं. दुसरं जास्त जड होतं. म्हणून वही तांदळाच्या डब्यात ठेवते आणि तिथून काढून लिहिते.

ड्रोन जातात आणि काही न टाकता परत येतात, किंवा न टाकलेल्या ओझ्याने बॅटरी संपून नदीत पडतात. कारखान्यात कुजबुज आहे. भावोजी आता रोज येतात. माझ्या टेबलाशी थांबतात, पण टाका ओढून बघत नाहीत. नुसती सही करतात. एवढा विश्वास. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

३१ डिसेंबर

एक ड्रोन आपल्याच काठावर पडला. धोब्याच्या अंगणात. वाळत घातलेल्या चादरी जळाल्या, भिंत पडली. घरातले सगळे आत जेवायला बसले होते म्हणून वाचले. जेवण दहा मिनिटं आधी आटपलं असतं तर?

हा विचार मी केलाच नव्हता. टाका सुटलेला ड्रोन कुठे पडावा हे माझ्या हातात नाही. एवढी साधी गोष्ट. आणि मी स्वतःला शहाणी समजत होते. यापुढे काय करावं कळत नाही. नीट टाके घातले तर तिकडची माणसं, सैल घातले तर इकडची.

३ जानेवारी

मास्तरांना नेलं.

सकाळी दहाच्या सुमाराला काकांची माणसं आली. मास्तर एक नग तपासत होते. त्यांनी तो हळूच टेबलावर ठेवला, जसा वर्गात खडू ठेवत असतील तसा, आणि म्हणाले, "चला." म्हणतात की तपासणी त्यांची, म्हणजे दोष त्यांचा. शिवाय त्यांची बहीण नदीपलीकडे राहते. म्हणजे ठरलंच.

कुणी मान वर केली नाही. मीही केली नाही.

५ जानेवारी

कारखान्याच्या फाटकाशी एक बाई उभी होती. पायात दोन वेगवेगळ्या चपला, घाईत घातलेल्या. प्रत्येकाला विचारत होती, "आमच्या ह्यांना पाहिलंत का? विज्ञान शिकवतात." मास्तरीणबाई. मला विचारलं तेव्हा मी 'नाही' म्हणाले. नंतर रस्ताभर तो 'नाही' माझ्या बरोबर चालला.

६ जानेवारी

भावोजींच्या खोलीवर गेले. ताई असताना तिथे किती वेळा गेले असेन. आता एक खाट, एक खुर्ची. खुंटीवर ताईची छत्री अजून तशीच.

दार लावून घेतलं आणि सांगून टाकलं. "मास्तरांचा दोष नाही. टाके मी सैल ठेवले. दहा डिसेंबरपासून."

त्यांनी विचार केला नाही की दचकले नाहीत. लगेच म्हणाले, "तुझा टाका सुटत नाही."

"मी सांगते ना, मुद्दाम..."

"धाकटे, तुझ्या प्रत्येक नगावर माझी सही आहे. मी पाहिलेत. चांगले आहेत. तुला ताप होता, त्यात काहीतरी मनात घेतलंस. हे पुन्हा बोलायचं नाही. मला नाही, बाबांना नाही, भिंतीला नाही."

"आणि मास्तर?"

ते खिडकीकडे गेले. "मास्तरांचं मी बघतो," म्हणाले. पण आवाजावरून कळलं की ते काही बघू शकत नाहीत.

वीस वर्षं ओळखतात मला. आणि त्यांना वाटतं की एवढंसुद्धा माझ्या हातून होणार नाही. भित्री, साधी, घरकोंबडी धाकटी. खरं सांगायचं तर मला रडू आलं ते मास्तरांसाठी कमी, आणि भावोजींनी विश्वास ठेवला नाही म्हणून जास्त. लाज वाटते लिहायला.

८ जानेवारी, सकाळ

आज काका येणार आहेत. बाबांना आंघोळ घातली, नखं कापून दिली. कानातल्या मशीनला माझ्याकडची शेवटची बॅटरी घातली. त्यांना सांगितलं, "बाबा, मला उशीर झाला तर शेजारच्या काकूंकडे जेवा." त्यांनी पहिल्याच वेळी ऐकलं आणि म्हणाले, "उशीर करू नकोस."

१६ जानेवारी

मी नदीपलीकडे आहे. म्हणजे आता अलीकडे म्हणायला हवं. एका शाळेच्या वर्गात चौदा कुटुंबं आहेत, त्यांत मी आणि बाबा. वही बाबांनी आणली. तांदूळ तिथेच ठेवले आणि वही आणली! त्यांना ती तिथे आहे हे कधी कळलं, देव जाणे.

आठ तारखेचं लिहायचं राहिलंय.

काका सगळ्यांसमोर बोलत होते, मास्तर कसे फितूर निघाले ते. मी उठले. माझ्या टेबलावरचे दोन तयार नग घेतले आणि काकांसमोर गेले. म्हटलं, "हे बघा." पहिला टेबलाच्या कडेवर चारपाच वेळा आपटला आणि वायर नखाने उचलली. सुटली. दुसरा आपटला. सुटली.

"हे मी केलं. मास्तरांना तपासून कळणारच नाही असं केलं."

काकांचं हसू गेलं नव्हतं. "का केलंस, बेटी?"

मग मी त्या माणसाचं सांगितलं. तो शूर नव्हता, त्याला ऐकू येत नव्हतं. तो कानाचं चाक फिरवत होता. तुम्ही हसलात. मी टाळ्या वाजवल्या.

कुलूपाने मान खाली घातली. काका भावोजींकडे वळले. "या सगळ्यावर तुझी सही आहे."

मी ओरडले, "त्यांना काही माहीत नव्हतं! मी सांगितलं तरी त्यांनी विश्वास ठेवला नाही!"

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. इतकं थकलेलं पाहणं मी कुणाचं पाहिलेलं नाही. रागाचं असतं तर बरं झालं असतं.

मला कोठारात कोंडलं. चार दिवस. तिथे बर्फ नाही पण गारठा तसाच आहे. बारा तारखेला सकाळी दार उघडलं ते कुलूपाने. एकटाच होता. मला घरी नेलं. बाबा पिशवी भरून, बूट घालून खुर्चीत तयार बसले होते, जणू गाडीची वेळ झालीय. पुलापर्यंत तो आमच्या मागून आला. पुलावर बाबा मोठ्याने म्हणाले, "हा मागे कोण आहे? सामान उचल म्हणावं!" आणि कुलूपाने बाबांची पिशवी खरंच उचलली, अर्ध्या पुलापर्यंत. तिथे ठेवली आणि मला म्हणाला, "बाई, चालत राहा. मला सांगितलंय, तुम्ही पलीकडे पोचेपर्यंत उभं राहायचं."

"कुणी सांगितलंय?"

त्याने पुलाच्या पलीकडच्या टोकाकडे बोट केलं. आम्ही चालत राहिलो.

२ फेब्रुवारी

इथल्या बायका चांगल्या आहेत. पाण्याला एकत्र जातो, केस विंचरताना एकमेकींना आरसा धरतो. पण मी कुठून आले, काय काम करत होते, हे विचारलं की मी 'दुकानात' एवढंच सांगते. त्यांच्यातल्या एकीचा नवरा पडद्यावर दिसलेल्या त्याच रांगेत होता; ते औषधांचं दुकान होतं. तो पळाला म्हणून वाचला. पाय गेला. ती माझ्या शेजारीच झोपते.

काल दुपारी ड्रोन आला. आधी मीच ऐकला. सगळ्यांना जिन्याखाली ढकललं. आवाज ऐकताना एवढंच मनात होतं की आता माझ्या टेबलावर कोण बसतं, त्याचा हात कसा आहे. चांगला असावा असं वाटेना, वाईट असावा असंही वाटेना. तो पुढे निघून गेला. कुठेतरी लांब पडला.

इतकी माणसं आहेत एका वर्गात. कुशीवर वळायला जागा नाही. आणि बोलायला कुणी नाही.

२० फेब्रुवारी

आज मास्तर आणि मास्तरीणबाई आले. मास्तरांना सोडल्याला महिना झाला. बहिणीकडे राहतात. माझा पत्ता शोधत आले. मास्तरांचा उजवा हात झोळीत आहे, बोटं हलत नाहीत. मला पाहून म्हणाले, "बाई, तुमच्या टाक्यांना मी पैकीच्या पैकी गुण दिले होते हो."

बाकीचं सगळं सांगितलं ते मास्तरीणबाईंनी. मला कोंडलं त्याच संध्याकाळी भावोजी काकांसमोर गेले. म्हणाले, टाके सैल ठेवायला मीच तिला सांगितलं. ती माझ्या शब्दाबाहेर नाही, तिला दुसरं काही माहीत नाही. तिला आणि म्हाताऱ्याला पूल ओलांडू द्या, मास्तरांना सोडा, मग नदीपलीकडे कुणाकुणाला निरोप गेलेत ते सगळं सांगतो. काकांनी मान्य केलं. आम्ही पलीकडे पोचल्याचा निरोप आल्यावर भावोजी म्हणाले, सांगण्यासारखं काही नाही. तेरा तारखेला सकाळी त्यांना आवाराच्या भिंतीशी नेलं.

मी म्हटलं, "पण ते खोटं बोलले. त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं. त्यांना तर पटलंसुद्धा नव्हतं!"

मास्तर खाली बघत होते. मास्तरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "थोडं पाणी प्या."

ते दोघं गेल्यावर बाबांनी विचारलं, काय झालं. मशीनची बॅटरी कधीच संपलीय. मी कानाशी तोंड नेऊन सांगितलं, भावोजी गेले. ऐकू आलं नाही. मोठ्याने सांगितलं. "कोण?" म्हणाले. मग मी ओरडले. सगळा वर्ग गप्प झाला इतकं ओरडले. आणि ओरडताना तोंडून आलं ते वेगळंच.

"हे गेले, बाबा! हे गेले!"

बाबांना ऐकू आलं. त्यांनी माझं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

आजूबाजूच्या बायका उठून माझ्याभोवती येऊन बसल्या. एकीने पदराने माझं तोंड पुसलं. पाय गेलेल्या माणसाची बायको माझा हात धरून होती. हळूच म्हणाली, "किती वर्षं झाली होती हो लग्नाला?"

मी तिची चूक दुरुस्त केली नाही. उद्या करेन.